वाचकांचे प्रश्न : जुन्या स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनमधील आवाज

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी लातूर येथे वैद्यकीय व्यवसाय करतो. तीन वर्षांपूर्वी मी पुण्यातील एका गृहस्थांकडून 2007 सालची पोर्शे बॉक्स्टर विकत घेतली. गाडी आजपर्यंत 46,000 किलोमीटर चालली असून महिन्यातून तीन-चार वेळाच बाहेर निघते. गेल्या दिवाळीपासून शहरातल्या रस्त्यांवर, ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेगाने जाताना, पुढच्या डाव्या चाकाकडून ‘ठक-ठक’ असा कोरडा आवाज येतो. औसा रस्त्यावर वेग वाढला की तो ऐकू येत नाही. गतिरोधकावरून गाडी सरळ नेली तर आवाज होत नाही, मात्र एकच चाक खड्ड्यात गेले की तो हमखास होतो. शिवाय गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की जुने लाकडी दार उघडावे तशी करकर ऐकू येते. एका गॅरेजमध्ये चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलायला सांगितले, दुसऱ्या ठिकाणी दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारे दांडे). भाग परदेशातून मागवावे लागतात आणि खर्च मोठा आहे. आधी काय बदलावे? — एक वाचक, लातूर

उत्तर : डॉक्टरसाहेब, आधी काहीही बदलू नये. आपल्या पत्रात दोन वेगळे आवाज आहेत, आणि ते एकाच दोषाचे असतील असे मानण्याला आधार नाही. प्रत्येक आवाज मुद्दाम उत्पन्न करता आला आणि मुद्दाम थांबवता आला, तरच त्याचे मूळ सापडले असे समजावे. तोपर्यंत नवा भाग मागवणे म्हणजे अंदाजावर पैसे लावणे होय.

‘ठक-ठक’बद्दल आपण जे निरीक्षण लिहिले आहे, ते दोन्ही गॅरेजांच्या सल्ल्यापेक्षा मोलाचे आहे. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक वाकवलेला पोलादी दांडा गाडीखाली असतो. त्याला आपल्याकडचे मिस्त्री स्टॅबिलायझर बार म्हणतात, आणि त्याची दोन्ही टोके वीतभर लांबीच्या लिंक रॉडने सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर हा दांडा आपल्या रबरी बुशांमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रबराच्या कड्यांमध्ये, नुसता फिरतो आणि लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. एकच चाक खाली-वर झाले, तर दांड्याला पीळ बसतो आणि तो सगळा पीळ लिंक रॉडच्या दोन छोट्या बॉल जॉइंटांमधून जातो. त्या जॉइंटमध्ये अर्धा मिलिमीटर जरी ढिलेपणा आला, तरी कमी वेगात त्याचा आवाज घरच्या दाराची कडी आपटावी इतका मोठा येतो. जास्त वेगात हाच आवाज टायर आणि वाऱ्याच्या आवाजाखाली दबतो. म्हणून माझा पहिला संशय डाव्या लिंक रॉडवर आहे. हा संपूर्ण सस्पेन्शनमधील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

मात्र संशय हा पुरावा नव्हे. गाडीखाली शिरण्यापूर्वी पुढची आणि मागची डिकी पूर्ण रिकामी करावी. या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे असल्यामुळे सामानासाठी पुढे आणि मागे अशा दोन जागा आहेत, आणि पुढच्या जागेत हत्यारांची पेटी व बॅटरी असते. बॅटरीची पट्टी ढिली असेल, तर तिचा आवाज थेट पुढच्या चाकातून आल्यासारखा वाटतो. त्यानंतर चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने, तपासावेत. बॉक्स्टरसाठी हे माप 130 न्यूटन-मीटर आहे. नंबर प्लेट, बंपरखालचे प्लॅस्टिक आणि चाकाच्या कमानीतील अस्तर हाताने ठोकून पाहावे. कापडी छत बंद ठेवून आणि उघडून, असे दोन्ही प्रकारे तेच खड्डे पुन्हा घ्यावेत, कारण उघड्या छताच्या गाड्यांमध्ये छताच्या सांगाड्याचे सांधे आणि दारांची कुलुपे पुष्कळदा सस्पेन्शनचे नाव घेऊन बोलतात. आवाज येत असताना डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका दाबूनही पाहावा. तेवढ्याने ठक-ठक थांबली, तर दोष ब्रेकच्या पॅडमध्ये किंवा कॅलिपरमध्ये आहे, सस्पेन्शनमध्ये नाही. ही शेवटची चाचणी मोकळ्या मैदानावर आणि अगदी कमी वेगात करावी, कारण डाव्या पायाला ब्रेक दाबण्याची सवय नसते.

एवढे करूनही आवाज राहिला, तर गाडी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करता येते अशा गॅरेजमधल्या खड्ड्यावर, घ्यावी. रॅम्पवर नको, पिटवरच घ्यावी, आणि हे मी आग्रहाने सांगतो. दोन खांबांच्या रॅम्पवर गाडी उचलली की चाके खाली लोंबतात, स्टॅबिलायझर बार आणि रबरी बुश एका बाजूला ताणले जातात, आणि ज्या सांध्यात ढिलेपणा आहे तोच त्या ताणामुळे घट्ट वाटू लागतो. तरुण मिस्त्री चाक हलवून पाहतो, त्याला काही लागत नाही, आणि मग बोट शॉक ॲब्सॉर्बरकडे जाते. माझ्या उमेदवारीच्या काळात मी स्वतः अशाच एका गाडीचे दोन्ही पुढचे शॉक ॲब्सॉर्बर बदलले होते आणि आवाज तसाच राहिला होता. दोष लिंक रॉडचा होता. त्या ग्राहकाचे पैसे परत करता आले, पण गेलेला विश्वास परत मिळवायला फार दिवस लागले, आणि म्हणून ही चाचणी मी कोणालाही वगळू देत नाही.

पिटवर गाडी चारही चाकांवर उभी असावी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, पहिला गियर टाकलेला आणि मागच्या चाकांना उटी लावलेली. एकाने बाहेरून दाराजवळ उभे राहून गाडी आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे, लयीत झुलवावी, आणि दुसऱ्याने खालून डाव्या लिंक रॉडचे दोन्ही सांधे बोटांच्या चिमटीत धरावेत. ढिला सांधा बोटांना स्पष्ट टोचतो, आणि कानापेक्षा बोटांवर अधिक भरवसा ठेवावा. आवाज पोलादी सांगाड्यातून दूरवर जातो, त्यामुळे उजव्या बाजूचा दोष डावीकडे ऐकू येणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून उजवा सांधाही तसाच पाहावा. तरीही शंका उरली, तर दोन्ही लिंक रॉड खालच्या टोकाला सोडवून, कशालाही लागणार नाहीत असे बांधून ठेवावेत आणि आवारातच खड्ड्यावरून पायी चालण्याच्या वेगाने गाडी न्यावी. आवाज गेला तर निदान पक्के झाले. अशा अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून तिला सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नये.

आता स्टिअरिंग फिरवताना होणाऱ्या करकरीकडे वळू. बॉक्स्टरला चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच उभा खांब. पुढे चाक वळते तेव्हा स्प्रिंगसह संपूर्ण स्ट्रट वरच्या माउंटिंगमधील बेअरिंगवर फिरतो, आणि खाली लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट फिरतो. करकर यांपैकी एकाची असण्याची शक्यता जास्त. एकाने स्टिअरिंग संथपणे फिरवावे आणि दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून हात घालून स्प्रिंगवर तळहात ठेवावा. बोटे दोन वेढ्यांच्या मध्ये जाऊ देऊ नयेत. स्प्रिंग अडखळत, झटक्याने फिरत असेल तर वरचे बेअरिंग गेले आहे. स्प्रिंग गुळगुळीत फिरत असेल आणि थरथर खाली आर्मवर हाताला लागत असेल, तर बॉल जॉइंट कोरडा झाला आहे. याची खात्री करण्यासाठी इंजेक्शनच्या सुईने जॉइंटच्या रबरी टोपीतून थोडे ग्रीस आत सोडावे. सुई कशी धरावी हे मी आपल्याला सांगायला नको. करकर थांबली तर दोषी सांधा सापडला, परंतु ही दुरुस्ती नव्हे, कारण सुईने टोपीला छिद्र पडले आहे आणि आतला पृष्ठभाग आधीच झिजलेला आहे. काही आठवड्यांत आवाज परत येईल, तोवर भाग मागवायला वेळ मिळतो एवढाच त्याचा उपयोग.

लोअर आर्मबद्दल दुसऱ्या गॅरेजने जे सांगितले, ते अगदीच निराधार नाही. 46,000 किलोमीटर हा आकडा कमी असला, तरी रबराचे वय किलोमीटरवर मोजले जात नाही. गाडी 2007 ची आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी उभ्या गाडीचे रबरही कडक होते आणि तडकते, किंबहुना जी गाडी आठवडेच्या आठवडे एकाच ठिकाणी उभी राहते, तिचे बुश एकाच स्थितीत दबून बसतात. त्यात आपले रस्ते काळ्या मातीवरचे आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचा डांबरी थर लाटांसारखा उंच-सखल होतो. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्यावर खोल चाकोऱ्या पाडतात. 235/40 मापाच्या टायरची बाजू जेमतेम 94 मिलिमीटर उंच असते. एवढ्या कमी रबरात धक्का फारसा जिरत नाही, तो पुढे बुशांकडे जातो. म्हणून पिटवर असतानाच प्रत्येक बुशवर विजेरीचा प्रकाश टाकून रबर धातूपासून सुटले आहे का, हे पाहावे आणि टॉमी (लहान पहार) हलकेच टेकवून आर्म किती हलतो ते बघावे. थोडी लवचीकता हा दोष नाही. धातू धातूला लागतो का, एवढेच पाहायचे असते.

शॉक ॲब्सॉर्बरची गोष्ट वेगळी आहे. शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला म्हणजे आवाज येतोच, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. झिजलेला शॉक ॲब्सॉर्बर बहुधा शांतच असतो, फक्त गाडी तरंगू लागते. बॉनेट दाबून सोडण्याची प्रसिद्ध चाचणी या ताठ सस्पेन्शनच्या गाडीवर फसवी ठरते. त्याऐवजी रेणापूरकडे जाताना रस्त्यावरच्या लाटेवरून ताशी साठच्या वेगाने गेल्यावर गाडीचे नाक एकदा खाली जाऊन स्थिर होते, की पुन्हा पुन्हा डुलते, ते पाहावे. शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावर तेलाचे ओघळ आहेत का, आणि धुळीची टोपी व आतला फोमचा बंप स्टॉप शाबूत आहे का, हेही पाहावे. या वयात तो फोम भुगा होऊन पडलेला असू शकतो, आणि मग मोठ्या खड्ड्यात शेवटपर्यंत दबलेला स्ट्रट खरोखर ‘धाड’ असा आवाज करतो. आपण वर्णन केलेला आवाज तो नव्हे. स्प्रिंगचे सर्वांत खालचे अर्धे वेटोळे तुटलेले असले, तरी गाडी चालत राहते आणि दोष महिनोन्‌महिने नजरेतून सुटतो, म्हणून तेही हात फिरवून तपासावे. तेल नाही, डुलणे नाही, तर शॉक ॲब्सॉर्बर राहू द्यावेत.

शेवटी, काहीही बदलले तरी जोडीने बदलावे, एकदाच वापरायचे लॉक नट नवे घ्यावेत, आणि बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना कधीही शेवटचे आवळू नयेत. रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेले असते. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला की गाडी जमिनीवर येताच ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. पिट नसेल तर काम सुरू करण्यापूर्वी, गाडी जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. नंतर गाडी स्टँडवर असताना हबखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत सस्पेन्शन वर घ्यावे आणि मग बोल्ट आवळावेत. स्टँड म्हणजे लोखंडी स्टँडच; विटा किंवा ओंडके नकोत, वीट भाराखाली न सांगता फुटते. आर्म बदलल्यास व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

प्रश्न : माझ्याकडे 2005 सालची पुढच्या चाकांवर चालणारी टर्बो सेदान आहे. मागच्या महिन्यात पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर नवे बसवले. तेव्हापासून गाडी मागे-पुढे घेताना स्टिअरिंग वळवले की ‘टंग्’ असा तार तुटल्यासारखा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, नवे आहेत, बसतील हळूहळू. वाट पाहावी का? — एक वाचक, जालना

उत्तर : वाट पाहू नये. ‘टंग्’ हा आवाज स्प्रिंगला पीळ बसून ती एकदम सुटल्याचा आहे. वरच्या माउंटिंगमधील बेअरिंग मोकळे फिरत नसले की चाक वळते, पण स्प्रिंगचे वरचे टोक जागेवरच अडकून राहते, आणि पीळ पुरेसा साठला की ते झटक्याने सरकते. खडूने स्प्रिंगवर आणि तिच्या वरच्या बैठकीवर एक सरळ रेघ ओढावी आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. रेघ तुटून दोन तुकडे वेगळे दिसले, तर स्प्रिंग बैठकीत घसरते आहे. रेघ अखंड राहिली आणि तरीही झटका आला, तर बेअरिंग अडखळते आहे.

कारणे बहुतेक वेळा तीनच असतात. स्प्रिंगचे टोक बैठकीतील पायरीला टेकवलेले नसते, किंवा पंधरा वर्षांचे जुने माउंटिंग व बेअरिंगच नव्या स्ट्रटवर परत बसवलेले असते, किंवा बेअरिंग उलटे बसलेले असते. मला दुसऱ्या कारणाचा संशय जास्त वाटतो, कारण स्ट्रट उघडलेला असताना नवे माउंटिंग घालण्याचा खर्च वाचवणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि नंतर तेच काम पूर्ण मजुरी देऊन दुसऱ्यांदा करावे लागते. वरचा नट हवेच्या गनने आवळला असेल तर दांडाही सोबत फिरतो आणि नट पूर्ण बसत नाही. अशा वेळी खड्ड्यात ‘टक’ असाही आवाज येतो. तो नट दांडा पान्याने धरून हातानेच आवळावा. एक धोक्याची सूचना मात्र देतो. हे काम घरी करू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा मोडण्याइतकी शक्ती असते, आणि ती दोऱ्या-तारांनी बांधून स्ट्रट उघडण्याचा प्रकार मी पाहिला आहे. त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसरच लागतो.

प्रश्न : माझ्या जुन्या आयात केलेल्या दोन आसनी गाडीचे लोअर आर्मचे बुश मिळत नाहीत. वाळूजमध्ये खरादीवर पॉलियुरेथेनचे किंवा नायलॉनचे बुश करून देणारे आहेत. ते टिकाऊ असतात असे सांगतात. त्यांनी आवाज कायमचा जाईल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नायलॉनचा विचार सोडून द्यावा. तो धक्का जिरवत नाही, तो थेट ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर टाकतो, आणि बुशऐवजी सांगाडा तडकतो. पॉलियुरेथेनचे उत्तर इतके सोपे नाही.

मूळ रबरी बुशमध्ये काहीही घासत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर स्वतः पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते, म्हणून त्याला ग्रीस लागत नाही आणि ते मुके असते. पॉलियुरेथेनचे बुश नळीला चिकटवलेले नसते. नळी त्याच्या आत फिरते, म्हणजे तेथे घर्षण आले, घर्षण आले म्हणजे ग्रीस आले, आणि आपल्या धुळीत ते ग्रीस लवकरच कानसीसारखे काम करू लागते. ज्या आवाजासाठी आपण बुश बदलणार, त्याच्या जागी चिवचिवाट विकत घेण्यासारखे ते होईल. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपले जुने बुश नीट पाहा. त्यात बहुधा दोन पोकळ खाचा असतील. त्या उगाच ठेवलेल्या नसतात. त्या दिशेने बुश मऊ असावे आणि दुसऱ्या दिशेने ताठ असावे, म्हणजे ब्रेक लावताना धक्का जिरतो आणि वळणावर चाक आपली जागा सोडत नाही, असा त्यामागचा विचार असतो. खरादीवरून निघालेला भरीव गोल तुकडा हा विचार पुसून टाकतो. एकाच अक्षावर फिरणाऱ्या सांध्याला, उदाहरणार्थ स्टॅबिलायझर बारच्या बुशला, पॉलियुरेथेन चालते. ज्या आर्मचे टोक दोन दिशांनी हलते, तेथे ते अडकते.

आपल्या शहरात यापेक्षा चांगला मार्ग उपलब्ध आहे. वाळूज आणि परिसरात वाहन उद्योगासाठी रबराचे भाग साच्यात घालणारे कारखाने आहेत. जुन्या बुशची आतली नळी आणि बाहेरचे कडे शाबूत असेल, तर ते साफ करून त्यावर नवे रबर चिकटवून मोल्ड करता येते. त्यासाठी नमुना देताना खाचांचा आकार आणि त्यांची दिशा रेखाटून द्यावी, आणि रबराचा कडकपणा शोअर मापकावर ठरवून घ्यावा. सस्पेन्शनच्या बुशसाठी तो साधारणपणे शोअर ए 50 ते 70 या दरम्यान असतो. जुन्या बुशवर मोजलेला आकडा जसाच्या तसा देऊ नये, कारण वयाने ते रबर मुळापेक्षा कडक झालेले असते. दुसऱ्या चाकाचा कमी वापरलेला बुश हाती आला तर त्यावर मोजावे. साचा महाग पडतो हे खरे, पण आपल्यासारख्याच गाडीचे दोन-तीन मालक एकत्र आले तर तो खर्च वाटला जातो.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या 2002 सालच्या हॅचबॅकचा पुढचा कुरकुरणारा आवाज पूर्ण बंद होतो आणि ऊन पडले की परत येतो. सर्व्हिसिंगवाल्याने खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारला, तेव्हा पंधरा दिवस बरे वाटले. हा फवारा दर महिन्याला मारून घेतला तर चालेल का? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : चालणार नाही, आणि आजच थांबवावा. पाण्याने आवाज थांबतो, याचा अर्थ तो कोरड्या रबराचा आहे, आणि एवढे निदान आपल्याला पावसाने फुकट करून दिले आहे. पण डिझेल आणि जुने इंजिन ऑइल नैसर्गिक रबरात मुरते, रबर फुगते, मऊ पडते आणि धातूपासून सुटते. पंधरा दिवसांच्या शांततेसाठी आपण बुशचे आयुष्य खर्च करत आहात. कोरड्या दिवशी साध्या पाण्याची बाटली घेऊन एका वेळी एकच बुश भिजवावा आणि प्रत्येक वेळी गाडी हलवून पाहावी. ज्याला पाणी लागताच कुरकुर थांबेल, तो दोषी. स्टॅबिलायझर बारचे बुश असतील तर ते सोडवून, दांडा गंज काढून साफ करून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवता येतात. आर्मचे असतील तर बदलावेत.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारमधून सतत एका लयीत ‘टक-टक-टक’ असा आवाज येतो. वेग वाढला की लय वाढते. व्हील बेअरिंग गेले असावे असे मित्र म्हणतात. गाडी वर्षातील आठ महिने झाकून ठेवलेली असते. — एक वाचक, जालना

उत्तर : वेगाबरोबर लय वाढते एवढ्यावरून चाकाला दोष देता येत नाही, कारण रस्त्याची लयही वेगाबरोबरच वाढते. काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर आडवे सांधे कापलेले असतात, आणि आपल्याकडे ते अंतर सामान्यतः साडेचार मीटर असते. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच सांधे ओलांडते. अशा गाडीच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर असतो, म्हणजे त्याच वेगाला चाक सेकंदात अकरा फेऱ्या करते. पाच ठोके मन लावून मोजता येतात, अकरा मोजता येत नाहीत; ते गुरगुरण्यासारखे एकसलग ऐकू येतात. आपण ‘टक-टक-टक’ असे सुटे ठोके लिहिले आहेत, यावरून रस्ताच बोलत असावा असे मला वाटते. महामार्गावर वेग कमी करून हे तपासणे धोक्याचे आहे, म्हणून शहरातल्या एखाद्या रिकाम्या सिमेंट रस्त्यावर ताशी 20 ने गाडी चालवावी. तेथे सांध्यांचे ठोके सेकंदाला एकाहून किंचित जास्त पडतील आणि चाकाचे जवळपास तीन. नंतर तोच वेग गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ठेवावा. तेथे आवाज नाहीसा झाला तर गाडी निर्दोष आहे, फार तर टायरमधील हवा जास्त भरलेली आहे का ते पाहावे.

डांबरी रस्त्यावरही ठोके राहिले, तर बेअरिंगच्या आधी टायर तपासावेत. बेअरिंग सहसा ठोके देत नाही, ते घुमते, आणि गाडी एका बाजूला वळवली की त्याचा सूर चढतो किंवा उतरतो. आठ महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर मात्र जमिनीला टेकलेल्या ठिकाणी चपटे होतात. पंधरा-वीस किलोमीटर चालून ते गरम झाल्यावर आवाज कमी होत असेल, तर कारण हेच आहे. कायमचा चपटेपणा असेल तर तळहात टायरच्या पृष्ठभागावरून गोल फिरवला असता तो जाणवतो. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असलेला एक शिक्का असतो. 3516 असे असेल तर तो टायर 2016 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी कितीही खोल दिसत असली, तरी दहा वर्षांचे टायर समृद्धीवरच्या वेगासाठी वापरू नयेत. पुढच्या वेळी गाडी झाकून ठेवताना हवेचा दाब थोडा वाढवून ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी ती हातभर पुढे-मागे सरकवावी.